‘बेनी अँड पेनी इन द बिग नो-नो!’: मे महिन्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापरानंतर

मुलाला इंग्रजी अक्षरे ओळखता येतात, चार-पाच शब्दांचे वाक्य अडखळत का होईना पण वाचता येते, आणि तरीही पुस्तक दिसले की तो पळ काढतो, अशा टप्प्यावर मे महिन्याच्या सुट्टीसाठी आम्ही जेफ्री हेझ यांचे हे रहस्यकथेचे कॉमिक घेतले. दिवाळीची सुट्टी संपत आली, तरी ते अजून त्याच्या उशापाशी असते.

हे पुस्तक अमेरिकेतील ‘टून बुक्स’ने २००९ मध्ये प्रकाशित केले आणि नुकतेच वाचू लागलेल्या मुलांच्या पुस्तकांना तेथे दिला जाणारा गायझेल पुरस्कार त्याला २०१० मध्ये मिळाला. बेनी आणि पेनी ही उंदराची भावंडे. बेनीची बादली सापडत नाही, शेजारी कोणीतरी नवीन राहायला आलेले असते, म्हणजे चोर तोच, असे बेनी ठरवून टाकतो आणि परवानगी नसताना दोघे शेजारच्या अंगणात शिरतात. बादलीचे पुढे काय होते ते येथे सांगत नाही.

रहस्यकथेचे उत्तर एकदा कळले की लहान मुले ते पुस्तक बाजूला टाकतील, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात उत्तर कळल्यानंतरच खरे वाचन सुरू झाले. पहिल्या खेपेस मुलगा चित्रांवरून धावत शेवटापर्यंत पोहोचला. त्यानंतर मात्र बेनीने नेमके कोणत्या चौकटीत शेजाऱ्यावर आळ घेतला आणि तेव्हा त्याच्याकडे पुरावा काय होता, हे शोधण्यासाठी तो पाने मागे उलटू लागला. एकदा संवादाच्या फुग्यावर बोट ठेवून तो मला म्हणाला, “बाबा, याने बघितलंच नाहीये, नुसतं म्हणतोय.” हे सिद्ध करण्यासाठी त्याला तो फुगा शब्दन् शब्द वाचावा लागला होता, आणि मी काही न सांगता त्याने तो वाचला होता.

याचे बरेचसे श्रेय मांडणीला आहे. ‘टून’च्या पुस्तकांच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पातळीत दोनशे ते तीनशे शब्द आणि पानावर एक-दोन चौकटी, तर दुसऱ्या पातळीत तीनशे ते सातशे शब्द, पानावर चारपर्यंत चौकटी आणि मोजकी पात्रे. आमचे पुस्तक दुसऱ्या पातळीचे आहे. संवादाचा फुगा बोलणाऱ्याच्या तोंडाशीच असल्यामुळे ‘हे कोण म्हणाले’ हा नवशिक्या वाचकाचा नेहमीचा गोंधळ होत नाही, आणि एखादा शब्द अडला तरी चेहऱ्यावरचा राग किंवा भीती पाहून अर्थाचा अंदाज बांधता येतो. रंगीत पेन्सिलींनी काढलेली हेझ यांची चित्रे मऊ आहेत. मला ती थोडी जुन्या वळणाची वाटली, मुलाला तसे काही वाटले नाही.

तक्रारी आहेत. बत्तीस पानांच्या पुस्तकाला परदेशी आवृत्तीची किंमत मोजणे जड जाते, आणि वाचनाचा सराव झालेले मूल ते एका बैठकीत संपवते. शिवाय सुट्टीभर पुरेल एवढा मजकूर यात नाही. आम्हाला तो पुरला, कारण मुलगा तेच तेच वाचत राहिला, आणि प्रत्येक मूल तसे करेलच असे नाही. मराठीत जोडाक्षरे टाळून, एवढ्याच बेताच्या संवादांत रचलेली रहस्यकथा मिळाली असती तर मी आधी तीच घेतली असती.

तिसऱ्या पातळीची पुस्तके लांब वाक्यांची आहेत आणि त्यांत काळ व स्थळही बदलते, म्हणून तिकडे इतक्यात वळणार नाही. याच भावंडांचे ‘लॉस्ट अँड फाउंड!’ मागवले आहे. त्यात बेनीची चाच्याची टोपी हरवते, आणि ती कोणी घेतली असेल याची यादी मुलाने पुस्तक येण्याआधीच तयार केली आहे.