पदकामागचा माणूस दाखवणारं 'पोद्विग नरोदा'
माझ्याकडे 'रेड स्टार' हा सोव्हिएत सन्मान आहे. चांदीचा, मागे स्क्रू आणि कोरलेला क्रमांक. सोबतच्या पुस्तिकेत तो मिळवणाऱ्या सैनिकाचं नाव होतं, म्हणून रशियन संरक्षण मंत्रालयाच्या 'पोद्विग नरोदा' (म्हणजे 'लोकांचा पराक्रम') या मोफत संकेतस्थळावर शोधलं. थेट त्याच्या सन्मानासाठीच्या शिफारसपत्राची स्कॅन प्रतच समोर आली! साल १९४४. टेलिफोनची तुटलेली तार त्यानं गोळीबारात सरपटत जाऊन जोडली होती. खाली कमांडरची सही. दोन रात्री शब्दकोश घेऊन मी तेवढं एकच पान वाचत बसलो; हस्ताक्षर फार किचकट. नाव रशियन लिपीत टाका, जन्मसाल आणि हुद्दाही ताडून पाहा, एकाच नावाचे कितीतरी सैनिक निघतात. नुसत्या पदकावरच्या क्रमांकावरून मात्र इथे माणूस सापडत नाही. पुस्तिकेशिवाय पदक घेणं मी आता सोडलंय.