मिलिशियासाठी कुठला गेम: सिव्हिल वॉर २ की अल्टिमेट जनरल?

दोन्ही कॉम्प्युटरवरचे अमेरिकन यादवी युद्धाचे स्ट्रॅटेजी गेम, आणि दोन्हीपैकी एकच घ्यायचा असेल तर ग्राफिक्सचं सोडा, मिलिशिया (म्हणजे राज्यांनी उभी केलेली साध्या नागरिकांची हंगामी फौज) खरी वाटते का ते बघू.

आधी इतिहास. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने ७५,००० मिलिशिया मागवली ती फक्त ९० दिवसांसाठी, त्यामुळे जुलैत बुल रनच्या लढाईच्या ऐन तोंडावर चौथी पेनसिल्व्हेनिया रेजिमेंट मुदत संपली म्हणून सरळ घरी निघाली!! ही मजा अल्टिमेट जनरलमध्ये नाहीच, एकदा भरती केलेला गडी मरेपर्यंत तुमचा.

सिव्हिल वॉर २ मध्ये मिलिशिया हे वेगळं युनिट आहे, स्वस्त, कच्चं, आणि हळूहळू तयार होत नियमित पायदळ बनतं. हे पटतं. पण १८६४ ला ग्रिसवोल्डव्हिलच्या लढाईत जॉर्जियाच्या मिलिशियातली म्हातारी माणसं आणि पोरंटोरं रिपीटिंग (लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या) रायफलींसमोर चालून गेली, ती कसली तयार होणार होती?

शस्त्रांच्या बाबतीत मात्र अल्टिमेट जनरल भारी. नव्या पोरांच्या हातात जुनाट बंदुका देऊन लढवा, मग फरक डोळ्यासमोर दिसतो. मिसुरी स्टेट गार्डवाले (मिसुरी राज्याची मिलिशिया) विल्सन्स क्रीकच्या लढाईला घरच्या शिकारीच्या बंदुका घेऊन आले होते, तो फील थोडाफार येतो.

मेहनत म्हणाल तर सिव्हिल वॉर २ चा इंटरफेस डोकं खातो, पहिला आठवडा नुसता मॅन्युअल वाचण्यात जाणार.

भरती, राज्यं, नकाशा यात रस असेल तर सिव्हिल वॉर २. ऑफिसनंतर तासभर एक लढाई खेळायची असेल तर अल्टिमेट जनरल घ्या.