नोंदणी विवाह की मंगल कार्यालय?

सोलापुरातल्या माझ्या भाचीने परवा विचारले, "मामा, नोंदणी करावी की कार्यालय घ्यावे?" घरच्यांचे उत्तर ठरलेलेच आहे.

खर्चात तुलनाच होत नाही. नोंदणीचे शुल्क किरकोळ असते. कार्यालय, जेवणावळी आणि मानपान यांसाठी मात्र अनेक घरे कर्ज काढतात आणि त्याचे हप्ते बहुधा मुलीचे वडील फेडतात, हा मला उघड अन्याय वाटतो.

वेळेचे गणित उलटे आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते, नोटीस सर्वांना दिसेल अशी लावली जाते, हरकतींसाठी पुन्हा ३० दिवस थांबावे लागते आणि विवाहाला ३ साक्षीदार लागतात. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्याला ही जाहीर नोटीसच धोक्याची ठरते. ती अट रद्द व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. धार्मिक विधीने लग्न केल्यास ही प्रतीक्षा टळते, पण नोंदणी नंतर करावीच लागते.

राहिला प्रश्न नात्यांचा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर होणाऱ्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला अवघे शहर लोटते, तिथे लग्नाला गोतावळा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यासाठी हजार पाने उठण्याची गरज नसते.

आंतरधर्मीय जोडप्याने धर्म न बदलता लग्न करायचे असेल किंवा कर्ज टाळायचे असेल, तर नोंदणीच योग्य. विधींवर मनापासून श्रद्धा असेल आणि खर्च दोन्ही घरे स्वतःच्या बचतीतून निम्मा निम्मा उचलणार असतील, तर कार्यालय घ्यावे.