जुगार सोडवण्यासाठी मदत कोठे घ्यावी? कोल्हापुरातील कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

जुगाराची गोष्ट घरात कळते ती बहुधा कर्जामुळे. दागिने गहाण पडलेले असतात, दुधाचे किंवा उसाचे बिल घरापर्यंत पोहोचलेले नसते, किंवा व्याजाचे पैसे मागायला कोणीतरी थेट दारात उभे राहते. अशा वेळी ‘देणे कसे फेडायचे’ आणि ‘खेळ कसा थांबवायचा’ हे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक घरे पहिल्याच प्रश्नामागे धावतात. हा आढावा दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खेळ चालू असताना फेडलेले कर्ज काही महिन्यांत पुन्हा उभे राहते.

अनिवार जुगार हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला विकार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात स्थान दिले, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही तो व्यसनाधीनतेच्या विकारांमध्ये मोडतो. मटका असो, तीन पानी असो, क्रिकेटवरचा सट्टा असो की मोबाइलवरची रमी, हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, रक्कम वाढवत नेणे आणि घरी खोटे बोलणे ही त्याची खूण सगळीकडे सारखीच असते. म्हणून ‘त्याला अक्कल नाही’ या निष्कर्षावर न थांबता उपचाराचा विचार करणे योग्य ठरते.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसापुढे सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे फोन. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते. ज्या घरात अजून कोणालाच काही सांगितलेले नाही, त्या घरासाठी ही सेवा मोलाची आहे, कारण तोंड न दाखवता पहिले वाक्य उच्चारता येते. शिवाय रुग्ण बोलायला तयार नसला तरी पत्नी, आई किंवा भाऊ स्वतःसाठी फोन करू शकतात. मात्र आठवड्यामागून आठवडे चालणारा उपचार फोनवर पूर्ण होईल अशी अपेक्षा ठेवू नये. फोन ही सुरुवात आहे.

त्यापुढची पायरी म्हणून सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि खासगी मानसोपचारतज्ज्ञ यांची तुलना करावी लागते. सीपीआरमध्ये खर्च खासगीच्या मानाने फारच कमी असतो, आणि आधीच कर्जात बुडालेल्या घरासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते: केस पेपर काढणे, रांगेत बसणे, आणि दर भेटीला तेच डॉक्टर भेटतील याची खात्री नसणे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराला त्यासाठी रजा काढावी लागते, आणि दोन-तीन भेटींनंतर तो येणे बंद करण्याचा धोका इथेच असतो. खासगी ठिकाणी संध्याकाळची वेळ मिळते, तोच डॉक्टर राहतो आणि ओळखीचे कोणी भेटण्याची भीती कमी असते. पण दर भेटीची फी आणि समुपदेशकाचे वेगळे शुल्क किती महिने झेपेल याचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा. माझे मत असे की, चार भेटींत पैसे संपणार असतील तर खासगीत सुरुवात करण्यापेक्षा सीपीआरमध्ये सातत्याने जाणे अधिक हिताचे आहे.

डॉक्टर वगळून थेट समुपदेशकाकडे जावे का, हा प्रश्नही अनेकांना पडतो. जुगारावर सर्वांत भक्कम पुरावा ‘सीबीटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोलण्याच्या उपचाराचा आहे, आणि तो प्रशिक्षित समुपदेशक देऊ शकतो. या उपचारात खेळण्याची वेळ, पगाराचा दिवस, सोबतचे मित्र, टपरीवरून जाणारा रस्ता अशा साखळीचा एकेक दुवा शोधून तोडला जातो, आणि मटक्याच्या मागील निकालांचा चार्ट पाहून आकडा काढता येतो यासारख्या समजुती तपासल्या जातात. (मटक्यात एका आकड्याला साधारणपणे नऊ पट मिळतात, पण तो लागण्याची शक्यता दहात एक असते, म्हणजे दीर्घकाळ खेळणारा हरणारच, चार्ट कितीही अभ्यासला तरी.) तरीही पहिली तपासणी मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावी, कारण जुगारासोबत नैराश्य, दारू किंवा उन्मादाचा आजार असणे सामान्य आहे, आणि कंपवातावरील प्रामिपेक्झोलसारख्या काही औषधांमुळेही काही रुग्णांमध्ये जुगाराची अनिवार ओढ निर्माण होते. साठी ओलांडलेल्या वडिलांनी अचानक लॉटरीवर पैसे उधळायला सुरुवात केली असेल तर त्यांची चालू औषधे डॉक्टरांना दाखवलीच पाहिजेत. केवळ जुगार थांबवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध मात्र अजून नाही, म्हणून ‘एका गोळीत सुटेल’ असे आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे.

निवासी व्यसनमुक्ती केंद्राकडे नातेवाइकांचा ओढा मोठा असतो, कारण माणूस नजरेआड झाला की घराला श्वास घेता येतो. दारू सोडताना शरीराला होणाऱ्या त्रासावर देखरेख लागते, म्हणून तिथे दाखल करण्याला वैद्यकीय अर्थ असतो. जुगारात तशी गरज क्वचितच पडते. महिनाभर मोबाइल आणि पैसा दूर ठेवल्याने खेळ थांबतो खरा, पण परतल्यावर तोच मोबाइल, तोच पगार आणि तीच टपरी समोर असते. म्हणून दारूचेही व्यसन असेल, किंवा घरी राहून उपचार करण्याचा प्रयत्न फसला असेल, तरच हा पर्याय निवडावा, आणि केंद्रात जुगारावर वेगळे समुपदेशन होते का व घरी परतल्यानंतर किती काळ पाठपुरावा होतो, हे आधी विचारावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशा केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. माणसाला झोपेतून उचलून गाडीत घालून नेणाऱ्या केंद्राला नकार द्यावा.

गॅम्बलर्स अॅनॉनिमस ही १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेली, स्वतः जुगार सोडलेल्या माणसांची संघटना आहे. तिला फी नाही आणि ‘जुगार सोडण्याची इच्छा’ एवढीच सदस्यत्वाची अट आहे. तिच्या ऑनलाइन सभांना घरबसल्या उपस्थित राहता येते. डॉक्टर जे देऊ शकत नाही ते येथे मिळते: रात्री ओढ लागल्यावर बोलायला, त्याच वाटेने गेलेला एक माणूस. उपचाराला जोड म्हणून ती उत्तम आहे.

देवापुढच्या शपथेविषयीही आदराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे जोतिबाच्या पायरीवर शपथ घेणे, बेल-भंडारा उचलणे किंवा गळ्यात माळ घालणे हा पुष्कळ घरांचा पहिला उपाय असतो. शपथेमुळे निश्चय चारचौघांत जाहीर होतो, आणि माळेमुळे नवी संगत मिळते. ही ताकद खरी आहे. अडचण शपथ मोडल्यावर येते. व्यसनात पुन्हा घसरणे ही उपचारातील नेहमीची बाब असते आणि डॉक्टर तिच्यासाठी तयार असतो. शपथ मोडलेला माणूस मात्र त्याला पाप समजून लपवतो, आणि लपवलेला खेळ वाढत जातो. शपथ घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण दवाखान्याची तारीख चुकवू नये.

आता कर्जाकडे वळू. शेत किंवा दागिने विकून सगळे देणे एकदम फेडणे आणि हप्ते बांधून सावकाश फेडणे यांत मी निःसंशय दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. एकदम फेडल्याने रुग्णाची पत पुन्हा मोकळी होते, त्याला नवे कर्ज मिळते आणि घराकडची शेवटची शिल्लकही संपते. त्याऐवजी बँक, पतसंस्था, भिशी, हातउसने आणि सावकार यांची संपूर्ण यादी लिहून काढावी. पगाराचे खाते पत्नी किंवा आईच्या देखरेखीखाली यावे, यूपीआयची मर्यादा रोजच्या खर्चापुरती आणावी, जमिनीची व सोन्याची कागदपत्रे तिसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवावीत. ही व्यवस्था रुग्णाच्या संमतीने आणि ठरावीक मुदतीसाठी करावी, नाहीतर तो तिला शिक्षा मानतो. सावकार विनापरवाना असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते; कोरे चेक किंवा कोरे स्टॅम्प पेपर दिले असतील तर ती माहिती तक्रारीत अवश्य लिहावी.

पोलिसांच्या भीतीने अनेकजण दवाखान्यापर्यंत येत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा पैशांचे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांना आहे, केवळ खेळणाऱ्याला नाही. मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडलेल्या माणसावर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते. पण डॉक्टरांना दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे, त्यामुळे तिथे खरे सांगायला कचरू नये.

एका परिस्थितीत मात्र तुलना करत बसू नये. कर्जाखाली दबलेला माणूस ‘मी नसलो तर सगळे सुटेल’ असे बोलू लागला, निरवानिरव करू लागला किंवा घरातून निघून गेला, तर त्याला एकटे न सोडता त्याच क्षणी १४४१६ वर फोन करावा किंवा सीपीआरच्या अपघात विभागात न्यावे. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि कर्ज उघड झाल्यानंतरच्या दिवसांत विशेष जपावे लागते, म्हणून त्या दिवसांत घरात भांडण आणि हिशेब एकाच बैठकीत काढू नयेत.

इतर सर्व घरांसाठी माझी शिफारस अशी: आज १४४१६, या आठवड्यात सीपीआर किंवा झेपणारा खासगी मानसोपचारतज्ज्ञ, त्याच आठवड्यात पैशांची व्यवस्था, आणि महिनाभरात एखाद्या सभेला हजेरी. रुग्ण यायला तयार नसेल तर नातेवाइकांनी एकट्याने पहिली भेट घ्यावी. जाताना कर्जाची यादी, बँकेच्या मागील सहा महिन्यांच्या नोंदी आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.