आन्शुट्झ १९०७ : सात हंगामांच्या वापरानंतर

शाळा-कॉलेजात एन.सी.सी. केलेल्या अनेकांनी पॉइंट टू-टू रायफल एकदा तरी हातात घेतलेली असते. शिबिरात सतरंजीवर पालथे पडायचे, उस्तादांनी मोजून दिलेल्या पाच गोळ्या एकेक करून झाडायच्या आणि मग टार्गेटपाशी जाऊन भोके शोधायची, एवढीच बहुतेकांची तिच्याशी ओळख. ऑलिम्पिकमधली ५० मीटर रायफलही याच काडतुसाची आणि हाताने बोल्ट (काडतूस आत ढकलून मागची बाजू बंद करणारा दांडा) मागेपुढे करायची असते. मात्र शिबिरातल्या रायफलीने टार्गेट गाठले तरी पुरते, आणि स्पर्धेच्या रायफलीला त्या टार्गेटाचा मध्य तासभर चुकवून चालत नाही. दोन-चार वर्षे १० मीटर एअर रायफल करून आता स्वतःची पॉइंट टू-टू घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. माझ्याकडे आन्शुट्झ कंपनीची १९०७ ही रायफल गेले सात हंगाम आहे. १९०७ हे साल नसून मॉडेलचा क्रमांक आहे. स्पर्धेतून निवृत्त होणाऱ्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर नाव चढवून मी ती वापरलेली अशीच घेतली.

कोणती रायफल चांगली, हे ठरवण्याआधी तिच्याकडून नेमके काय हवे ते आकड्यांत पाहिलेले बरे. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा ५.६ मिलिमीटर. गोळीची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटाच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत राहिला की दहा. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट आवळून दहा गोळ्या झाडल्या आणि त्या सर्व भोकांचा झुबका बाहेरच्या कडांपर्यंत २१.६ मिलिमीटरपेक्षा मोठा निघाला, तर त्या रायफलीवर निर्दोष माणूससुद्धा सगळे दहा मारू शकणार नाही. आणि माणूस निर्दोष नसतोच. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी, २०२४ साली, शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ५९० गुण मिळवले होते आणि त्या गुणांवर ते सातवे होते. पुढे अंतिम फेरीत त्यांनी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून झाडलेल्या साठ गोळ्यांत मिळून फक्त दहा गुण जातात आणि तरीही सातवाच क्रमांक लागतो, अशा खेळात रायफलीने स्वतःहून एक गुणही खाता कामा नये.

पॉइंट टू-टूचे काडतूस रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारे असते, आणि त्याची स्वतःची एक अडचण आहे. त्याचा पेटणारा मसाला मधोमध वेगळ्या टोपीत नसतो. पितळी नळीच्या बुडाला जी कड असते तिच्या आतल्या पोकळ घडीत तो गोल फिरवून भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. मसाला सगळीकडे सारखा बसला नाही, किंवा बुडाची जाडी काडतुसागणिक थोडी बदलली, की बार पेटण्यात फरक पडतो आणि गोळीचा वेग बदलतो. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे कारखान्याने जे दिले ते निमूटपणे वापरावे लागते. चांगल्या रायफलीचे काम असे, की या उरलेल्या चंचलपणात तिने स्वतःची भर घालू नये. बोल्ट दर वेळी त्याच जागी बंद झाला पाहिजे, पिन त्याच जोराने आदळली पाहिजे आणि गोळी बॅरलच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पीळदार खाचांत, दर वेळी सरळच शिरली पाहिजे.

आन्शुट्झचे ‘मॅच ५४’ हे यंत्र, म्हणजे बोल्ट, पिन वगैरेंची जुळणी, या कसोटीला उतरते, आणि १९०७ घेण्यामागचे माझे पहिले कारण तेच होते. कंपनी १८५६ साली जर्मनीच्या थुरिंजिया भागात, आजच्या त्सेला-मेलिस गावी सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म शहरात तिने पुन्हा उभारी घेतली. वाल्थर कंपनीचाही जन्म तिथलाच आणि आजचा मुक्काम उल्मचाच, त्यामुळे जगभरच्या रेंजवर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या या दोन रायफली मुळातही शेजारणीच आहेत. १९०७ ला मॅगझिन नाही. खाचेत एक काडतूस बोटाने ठेवायचे आणि बोल्ट पुढे ढकलायचा. बोल्ट बंद होताना शेवटच्या थोड्याशा अंतरात हाताला किंचित, एकसारखा विरोध जाणवतो, कारण शिशाची गोळी त्या वेळी आट्यांच्या तोंडाशी दाबून बसत असते. न झाडलेले काडतूस सावकाश परत बाहेर काढून भिंगाखाली धरले, तर गोळीच्या खांद्यावर चहूबाजूंनी आट्यांचे बारीक ओरखडे दिसतात. हे ओरखडे सगळीकडे सारख्या खोलीचे असतील तर चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, बॅरलशी एका रेषेत आहे असे समजावे. रायफल विकत घेताना हा प्रयोग रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, अवश्य करावा.

ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा हलका आणि लांब आहे, तो संपल्याचे बोटाच्या पेराला स्पष्ट कळते, आणि पुढे बोटाने काही हालवल्याची जाणीव होण्याआधीच बार झालेला असतो. माझा ट्रिगर सुमारे १०० ग्रॅमवर बसवलेला आहे आणि सात हंगामांत तो मी एकदाच, उघडून साफ केल्यानंतर, पुन्हा जुळवला. एअर रायफलीवरून येणाऱ्या मुलांना हा ट्रिगर ओळखीचा वाटतो, हा याचा मोठा फायदा आहे. एक फरक मात्र त्यांना मुद्दाम सांगावा लागतो. रिमफायर रायफलीत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत बसू नये, कारण समोर काडतुसाची कड नसली तर पिन चेंबरच्या काठावर आदळून तिथे खाच पडू शकते. सरावासाठी खोटे काडतूस किंवा निदान झाडलेली रिकामी नळी चेंबरमध्ये ठेवावी.

स्टॉकबद्दल, म्हणजे बॅरल आणि यंत्र ज्यात बसते त्या दस्त्याबद्दल, मी थोडक्यात लिहितो, कारण दुकानात सर्वांत जास्त वेळ आणि पैसा त्यावरच जातो आणि त्याला तेवढे महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही. माझ्या रायफलीला जुना लाकडी स्टॉक आहे. गालाची पट्टी आणि बटची (खांद्याला टेकणाऱ्या टोकाची) प्लेट वर-खाली, मागे-पुढे होते, आणि पालथे पडून, गुडघ्यावर व उभे राहून अशा तिन्ही आसनांची मापे मी वहीत लिहून ठेवली आहेत. अॅल्युमिनियमचा स्टॉक या बाबतीत जास्त सोयीचा आहे, तो पावसाळ्यात फुगत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींना त्याचा खरोखर उपयोग होतो. परंतु स्टॉक नंतरही बदलता येतो. चांगले बॅरल आणि चांगले यंत्र नंतर जोडणे म्हणजे जवळजवळ नवी रायफल घेणेच होय. हाताशी ठराविक रक्कम असेल, तर ती आधी बॅरल, यंत्र आणि साइट (नेम धरण्याची पुढची-मागची जोडी) यांवर खर्च करावी. नवी रायफल घेताना साइटची जोडी अनेकदा किमतीत धरलेली नसते, हे आधीच विचारून घ्यावे.

आता काडतुसांविषयी. रायफल निवडणे आणि काडतूस निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मी पहिली दोन वर्षे समजत होतो, आणि त्यात माझी दोन वर्षे वाया गेली. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोड्या कमी वेगाची, साधारण सेकंदाला ३२०-३३० मीटर अशी बनवतात, म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळीला बसणारा हेलकावा टळतो. या वेगाने गोळीला ५० मीटर कापायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो आणि बॅरलमधूनच बाहेर पडायला काही हजारांश सेकंद. तेवढ्या वेळात बॅरल थरथरते, आणि कोणत्या वेगाच्या गोळीला त्या थरथरीत कोणत्या क्षणी तोंड गाठणे मानवते, हे प्रत्येक बॅरलचे वेगळे असते. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या, पण वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या काडतुसांचा निकाल एकाच रायफलीत वेगळा येतो. खोक्यावर छापलेला लॉट क्रमांक याचसाठी पाहायचा असतो.

तिसऱ्या हंगामात मी बालेवाडीच्या रेंजवर, वारा सुटण्याआधी सकाळी लवकर, रायफल टेकूवर ठेवून एकाच दर्जाचे दोन लॉट तपासले. प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्यांचे चार झुबके मारले आणि कॅलिपरने बाहेरच्या कडा मोजल्या. एका लॉटची सरासरी १८ मिलिमीटर निघाली, दुसऱ्याची २५. वर सांगितलेला २१.६ चा आकडा आठवावा. दुसऱ्या लॉटवर माझी रायफल माझ्या चुकांच्या आधीच दहाबाहेर जात होती, आणि त्याआधीचे अख्खे वर्ष मी तसल्याच काडतुसांवर स्वतःच्या श्वासाला आणि खांद्याला दोष देत होतो. पुढे एका पुरवठादाराकडे मी चांगल्या लॉटची ५००० काडतुसे मागवली, तर त्याने लॉट बदलून पाठवला आणि दर्जा तोच असल्याचे सांगून परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून लॉट क्रमांक मागणीपत्रात लिहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. एली कंपनी बर्मिंगहॅमला आणि लापुआ जर्मनीतल्या शोनेबेकला नेमबाजाचे बॅरल शिकंज्यात धरून वेगवेगळे लॉट तपासून देते. युरोपात स्पर्धेला जाणाऱ्याने त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा. त्या दिवसात गुणांत जी भर पडते ती नव्या स्टॉकने पडताना मी पाहिलेली नाही.

या रायफलीच्या उणिवाही सांगायला हव्यात. वजन सुमारे ५ किलो आहे, आणि सडपातळ मुलीला उभ्या आसनात ते पहिले वर्षभर जड जाते. लाकडी स्टॉकचे स्क्रू जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये टॉर्क पान्याने तपासावे लागतात, नाहीतर ऋतू बदलताच झुबका सरकतो. गंज ही आपल्या हवेतली खरी शत्रू आहे. एका पावसाळ्यात रेंजवरून भिजत आलो आणि रायफल पेटीतल्या ओल्या स्पंजात तशीच दोन रात्री राहिली, तर पुढच्या साइटच्या पट्टीखाली तांबूस डाग पडले. ते पुसले गेले, पण तिथला निळा लेप उडाला तो कायमचा. आता रायफल घरी येताच पेटीबाहेर निघते, तेलाचा हलका हात फिरतो आणि कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या असतात.

वापरलेली रायफल घेणाऱ्याने बॅरलच्या तोंडापासून सुरुवात करावी. बॅटरीच्या उजेडात तोंडाभोवती काजळी आणि शिशाची जी नक्षी दिसते ती फुलाच्या पाकळ्यांसारखी चहूकडे सारखी असावी. एक पाकळी लांब आणि दुसरी आखूड असेल, तर तोंडाची कड कुठेतरी दुखावलेली आहे. नंतर चेंबरचा काठ पाहावा, कारण तिथली खाच म्हणजे कुणीतरी रिकाम्या चेंबरवर पुष्कळ सराव केल्याची खूण. सफाईच्या सळईवर घट्ट बसणारे फडके मागून पुढे ढकलावे. चेंबरच्या लगेच पुढे ते अडखळले तर तिथे जळक्या अवशेषांचे कडे जमले आहे. बहुधा ते सफाईने निघते, पण मालकाने रायफल कशी ठेवली हे त्यावरून कळते. शेवटी रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरून बोल्ट जोरात बंद करावा आणि बटवर तळहाताने थाप द्यावी. ट्रिगर आपोआप सुटला तर तो दुरुस्त होईपर्यंत त्या रायफलीत काडतूस घालू नये.

फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, स्वित्झर्लंडची ब्लाइकर आणि ग्रुनिग-एल्मिगर यांच्या रायफली मी रेंजवरच्या मित्रांच्या हातून थोड्या थोड्या झाडल्या आहेत. त्या उत्तम आहेत, पण एवढ्या अनुभवावर त्यांची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेत राहणारा माझा भाचा स्पर्धेसाठी नव्हे, तर दुर्बीण लावून कागदावर नेम धरण्यासाठी चांगली बोल्टची पॉइंट टू-टू विचारत होता, त्याला मी झेक बनावटीची सीझेड ४५७ सुचवली. तिचा बोल्ट फक्त ६० अंश उचलावा लागतो, त्यामुळे वर दुर्बीण असली तरी हात अडत नाही, बॅरल बदलता येते आणि ट्रिगर जुळवता येतो. तिच्या किमतीत १९०७ ची अपेक्षा करू नये, आणि त्याच्या कामाला १९०७ ची गरजही नाही.

आपल्याकडे मात्र दुकानात शिरून रायफल उचलण्याचा प्रश्नच येत नाही. १० मीटरच्या स्पर्धेतल्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, परंतु पॉइंट टू-टूला शस्त्र परवाना लागतोच, आणि त्यासाठी स्पर्धेतले गुण व संघटनेची कागदपत्रे आधीपासून जपून ठेवावी लागतात. या कामात महिने जातात. तो काळ क्लबच्या रायफलीवर घालवावा आणि आपल्या तिन्ही आसनांची मापे पक्की करून घ्यावीत.

आमच्या क्लबातली एक अकरावीतली मुलगी सध्या याच टप्प्यावर आहे. तिच्या वडिलांनी नव्या अॅल्युमिनियम स्टॉकची छायाचित्रे मला दाखवली होती. गेल्या रविवारी तिने माझी १९०७ पालथे पडून ४० गोळ्या झाडली, गालाची पट्टी तीनदा हलवून बघितली, आणि उठल्यावर गुण विचारण्याआधी काडतुसाचे खोके उलटे करून त्यावरचा लॉट क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून घेतला.