सात महिन्यांचं पॅकेज, आणि गुगलवर दुकान 'कायमचं बंद'

"मालक, तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा, बाकीचं आमच्यावर सोडा." कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानात एजन्सीच्या माणसाने हे सांगितलं आणि पुढच्या सात महिन्यांत त्या दुकानाचे 1,05,000 रुपये गेले. पैशांपेक्षा मोठा फटका नंतर बसला. दुकानाचं आणि एजन्सीचं नाव इथे देत नाही. बिलं, रिपोर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं समोर ठेवून जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण असंच पॅकेज उद्या तुमच्याही दारात येऊ शकतं.

ठरलेली रक्कम दरमहा 15,000 रुपये. त्यातले 7,000 कामाचे आणि 8,000 जाहिरातीचे. वेबसाईट, गुगल मॅपवरचं प्रोफाईल, फेसबुक-इन्स्टाग्रामचं पेज, महिन्याला 12 पोस्ट, असं सगळं त्यात. सगळी रक्कम एजन्सीच्याच खात्यात जमा व्हायची आणि जाहिरातीचे पैसे पुढे तेच भरणार होते. बोलणं तोंडी, बिलावर एकच ओळ: 'डिजिटल मार्केटिंग सेवा'.

जाहिरातीचे सात महिन्यांचे 56,000 झाले. दुकानदाराने फारच तगादा लावल्यावर फेसबुकच्या कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या पावत्या मिळाल्या. त्यांची बेरीज 9,440 रुपये: 8,000 ची जाहिरात आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. एका महिन्याचे म्हणून घेतलेले पैसे सात महिने पुरवले होते. उरलेल्या 46,560 चा हिशोब आजतागायत नाही.

हे टाळायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. जाहिरातीचं खातं स्वतःच्या नावाने उघडा, त्यात स्वतःचं कार्ड आणि स्वतःचा जीएसटी नंबर घाला. गुगल अ‍ॅड्सच्या प्रत्येक खात्याला दहा अंकी नंबर असतो. तेवढा दिला की एजन्सी आपल्या मॅनेजर खात्यातून जोडणीची विनंती पाठवते, ती तुम्ही मंजूर केली की काम करते. मेटाकडेही 'पार्टनर' म्हणून प्रवेश देता येतो. मग पावती थेट तुमच्या मेलवर येते आणि एजन्सीला फक्त तिची फी द्यायची राहते. "आमच्या खात्यातूनच जाहिरात चालते," असं कुणी अडून सांगत असेल तर तिथेच थांबा. जाहिरात खरंच चालू आहे का, हे मेटाच्या 'अ‍ॅड लायब्ररी'त दुकानाच्या पेजचं नाव टाकून कुणालाही फुकट बघता येतं. मात्र साधी जाहिरात तिथे चालू असेपर्यंतच दिसते, बंद झाली की जाते. म्हणून महिन्यातून दोन-तीनदा बघून स्क्रीनशॉट ठेवायचा.

दर महिन्याचा रिपोर्ट मात्र देखणा होता, रंगीत आलेखांचा. त्यात 'रीच' आणि 'इम्प्रेशन', म्हणजे जाहिरात किती जणांना आणि किती वेळा दिसली, एवढंच. किती जणांनी फोन लावला, किती जणांनी मॅपवर रस्ता विचारला, किती जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर माप आणि भाव विचारला, यातला एक आकडा नाही. गुगल प्रोफाईलवर कॉल आणि रस्ता विचारल्याची नोंद मालकाला फुकट दिसते. रिपोर्टवर हेच आकडे आधी मागा. गुगलवर जाहिरात असेल तर 'सर्च टर्म्स'चा तक्ताही मागा. लोकांनी नेमके कोणते शब्द टाकल्यावर तुमचे पैसे कापले गेले, ते त्यात कळतं. नुसता 'चप्पल' शब्द ढिला सोडला की रबरी स्लीपर आणि बाथरूमची चप्पल शोधणारेही क्लिक करतात, आणि कोल्हापुरी विकणाऱ्याच्या खिशाला ते लागतं.

'गुगलवर पहिला नंबर' दाखवायची युक्ती तर फारच सोपी होती. माणूस दुकानात उभा राहिला, स्वतःच्या मोबाईलवर शोधलं, दुकान सगळ्यात वर आलं. मॅपवरचा क्रम ठरवताना गुगल शोधणाऱ्यापासूनचं अंतरही धरतं. दुकानातच उभं राहून शोधल्यावर ते वर येणारच! खरी परीक्षा घ्यायची तर दुकानापासून दूर, कावळा नाक्यावर जाऊन, दुकानाचं नाव न टाकता 'कोल्हापुरी चप्पल' शोधून बघा. पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही. गुगल तो क्रम पैसे घेऊन विकत नाही. प्रोफाईल उघडणं, फोटो टाकणं, वेळ बदलणं हेही फुकट आहे. "गुगलकडून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल," असा फोन आला तर ठेवून द्या आणि आलेला कोड कुणालाही सांगू नका.

दोन दिवसांत चाळीस पंचतारांकित रिव्ह्यू आले, तेव्हा दुकानदार खूश झाला होता. महिन्याभरात त्यातले बरेच गुगलने काढून टाकले. खोटे रिव्ह्यू पकडले गेले तर प्रोफाईलवर नवे रिव्ह्यू घेणंही काही काळ बंद होऊ शकतं, आणि ती शिक्षा एजन्सीला नाही, दुकानाला होते.

आठव्या महिन्यात, नवरात्राच्या तोंडावर, दुकानदाराने पैसे थांबवले. चार दिवसांत वेबसाईट उघडेना. पाठोपाठ मॅपवर दुकान 'कायमचं बंद' दिसू लागलं. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून आलेला माणूस मोबाईलमध्ये बघतो आणि शेजारच्या दुकानात जातो. वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस असे गेले. प्रोफाईल एजन्सीच्या जीमेलवरून उघडलेलं होतं, डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, तोही एजन्सीच्या नावावर. मालक कागदावर कुठेच नव्हता.

प्रोफाईल परत मिळालं. मार्ग असा: गुगलवर त्याच दुकानाचं प्रोफाईल उघडून मालकी मागण्याची विनंती टाकायची. सध्याच्या धारकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर बहुधा स्वतः पडताळणी करण्याचा पर्याय येतो. त्यात दुकानाची पाटी, आतला माल, परवाना यांचा व्हिडिओ मागितला जाऊ शकतो. नवीन मालकाला पहिले सात दिवस जुन्या माणसाला काढता येत नाही, म्हणून हे काम हंगामाच्या आदल्या दिवशी करायचं नसतं. आणि रागाच्या भरात दुसरं नवं प्रोफाईल उघडू नका, जुने खरे रिव्ह्यू तिकडेच राहतात.

डोमेन मात्र अडकलं. ज्याच्या नावावर नोंद, त्याचीच मालकी धरली जाते, आणि दुसरीकडे न्यायला लागणारा ट्रान्स्फर कोड त्याच्याच लॉगिनमधून निघतो. वर्षाला साधारण हजाराच्या आसपासचं डोमेन स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या पैशांनी घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. चपलांच्या दोन हजार खोक्यांवर वेबसाईटचा जुना पत्ता छापलेला पडून आहे.

तक्रार कुठे करायची? ओटीपी घेऊन किंवा खोट्या लिंकवरून पैसे गेले असतील तर लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. कबूल केलेलं काम केलं नाही, अशी तक्रार असेल तर पोलिसांकडून बहुतेक वेळा "हा दिवाणी मामला" असं ऐकावं लागतं. अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोग आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा 2019 च्या ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूंना त्यात सूट आहे. सेवेचा उल्लेख तिथे नाही, म्हणून सेवेसाठी ती मिळेलच असं नाही. स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या छोट्या दुकानदाराने हा मुद्दा अर्जात स्पष्ट लिहायला हवा. सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

या दुकानदाराकडे तोंडी आश्वासनांचा पुरावा नव्हता, पण व्हॉट्सअ‍ॅपवर "8000 ads साठी" एवढा एक मेसेज सापडला. अर्ज त्यावर उभा आहे.