स्टेंट, बायपास की फक्त गोळ्या? सही करण्याआधी

"ऐंशी टक्के ब्लॉक आहे. पेशंट टेबलवरच आहेत, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ या का?"

कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत तार घालून तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीच्या, दारात डॉक्टरांनी मला हे विचारलं, तेव्हा आतल्या स्क्रीनवर बाबांची रक्तवाहिनी दिसत होती, मध्येच दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक झालेली. स्टेंट म्हणजे अरुंद वाहिनी उघडी धरणारी धातूची बारीक जाळीदार नळी. संमतीपत्र हातात होतं. मी सही केली. त्या दारात उद्या जो उभा राहील त्याला काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात, म्हणून हे लिहितोय.

ब्लॉकेजचा टक्का नंतर विचारा. आधी विचारा, हा अटॅक आहे की नाही?

अटॅकमध्ये बहुतेक वेळा वाहिनीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि रक्त अडतं. हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. इथे अँजिओप्लास्टीला, म्हणजे फुगा आणि स्टेंटने वाहिनी उघडण्याला, तोड नाही. वाहिनी पूर्ण बंद असेल तर रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत ती उघडावी, असा दंडक आहे. वेळेत कॅथ लॅब गाठणं शक्य नसेल तर डॉक्टर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात आणि मग मोठ्या रुग्णालयात पाठवतात. अशा वेळी घरच्यांची बैठक नको, दुसऱ्या डॉक्टरांचं मत नको. "पित्त झालं असेल, सोडा घे" म्हणण्यात आपल्याकडे फार वेळ जातो आणि त्याची किंमत हृदय मोजतं.

बाबांचं तसं नव्हतं. दोन जिने चढले की छाती भरून यायची, कठड्याला धरून थांबले की पाच मिनिटांत उतरायचं. सहा महिने हेच चाललं होतं. डॉक्टर याला स्थिर अंजायना म्हणतात. पर्यायांची तुलना खरी इथे करायची, कारण इथे हाताशी वेळ असतो.

'इस्केमिया' नावाचा मोठा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 37 देशांतले, त्यात भारतातलेही, 5,179 रुग्ण. अर्ध्यांना औषधांच्या जोडीला अँजिओग्राफी (वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेला एक्स-रे) करून स्टेंट किंवा बायपास (ब्लॉकला वळसा देणारी नवी वाट जोडण्याची शस्त्रक्रिया), उरलेल्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. 2007 च्या 'करेज' अभ्यासातही स्टेंटने मृत्यू किंवा अटॅक कमी झालेले दिसले नव्हते. मी हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला, कारण मी सही केली ती "जीव वाचतोय" या समजुतीने.

असं का, तर हृदयाच्या वाहिन्या म्हणजे कचरा अडकलेला नळ नव्हे. चरबीचे थर जागोजागी असतात आणि अटॅक पुष्कळदा अशा थरामुळे येतो, ज्याने वाहिनी आधी फारशी अरुंद केलेलीही नसते. स्टेंट एक जागा मोकळी करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सगळ्या वाहिन्यांवर काम करते. म्हणून स्टेंट टाकला तरी गोळ्या सुटत नाहीत, आणि बिडी-सिगारेट सुटायलाच हवी.

मग स्थिर दुखण्यात स्टेंट कशासाठी? दुखणं कमी होण्यासाठी. औषधं नीट घेऊनही बाजारातून पिशवी आणताना छाती भरत असेल, तर अँजिओप्लास्टीने जगणं खरोखर सुधारतं. बाबा महिन्याभरात न थांबता जिने चढू लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मात्र डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असेल किंवा टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरचा निष्कर्ष लावू नका. असे रुग्ण 'इस्केमिया'त घेतलेलेच नव्हते.

प्रक्रिया सोपी वाटते आणि बऱ्याच अंशी आहेही. मनगटातून तार, तारेवरून फुगा, फुग्यावर स्टेंट, एक-दोन दिवसांत घरी. 1977 मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नुसता फुगाच होता. स्टेंट आला 1986 मध्ये. पण त्या धातूवर गुठळी धरू नये म्हणून दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रोज लागतात, साधारणपणे सहा महिने आणि अटॅकनंतर वर्षभर. बाबांची दाढ काढायची होती तेव्हा "पाच दिवस गोळ्या बंद करा" असा सल्ला मिळाला होता. हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला म्हणून निभावलं. त्यांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून या गोळ्या थांबवू नका.

चार वर्षांनी पुन्हा दुखू लागलं. या वेळी तिन्ही वाहिन्यांत ब्लॉक, आणि मधुमेह जुना. आम्ही टेबलवर निर्णय घेतला नाही. अँजिओग्राफीची सीडी घेऊन घरी आलो आणि एका हृदयशल्यविशारदांना दाखवली. मधुमेह आणि अनेक ब्लॉक असले की पारडं बायपासकडे झुकतं, असं त्यांनी सांगितलं. 2012 च्या 'फ्रीडम' अभ्यासात अशा 1,900 रुग्णांत पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटवाल्यांपैकी 26.6 टक्क्यांना झाला, बायपासवाल्यांपैकी 18.7 टक्क्यांना. नुसता पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त होता, तेही त्यांनी लपवलं नाही.

बायपास सोसावी लागते. छातीचं हाड कापतात, पायातली नस काढतात, आठवडाभर रुग्णालय आणि हाड जुळायला दीड-दोन महिने. खोकला आला की बाबा उशी छातीशी घट्ट धरायचे, तसं नर्सनेच शिकवलं होतं. पण छातीतली धमनी जोडली तर ती दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असते. पायातल्या नशीचं तसं नाही.

खर्चाचं थोडक्यात. औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत केंद्राने फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांवर आणली, पुढे ती वेळोवेळी बदलत आली. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, भरती होतानाच त्याला गाठा.

आणि दुखणं स्थिर असेल तर अँजिओग्राफीला आत नेण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, "आज फक्त तपासणी. पुढचं आम्ही सीडी बघून ठरवू." दुसऱ्या वेळी आम्ही एवढंच म्हटलं, आणि त्यांनी लगेच मान डोलावली.